मागे नेलेली पेशी पुढे आणताना

प्रश्न: आम्ही बडोद्यात, डांडिया बाजारात राहतो. बाबा 68 वर्षांचे आहेत. पाच वर्षांपूर्वी पार्किन्सनचं निदान झालं. हल्ली गोळीचा अंमल उतरला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. एका दवाखान्यात सांगितलं की बाबांच्याच पोटाच्या चरबीतून मूलपेशी काढायच्या, ‘जपानी नोबेल तंत्राने’ त्या तरुण करायच्या आणि परत टोचायच्या. एका दिवसाचं काम, साडेसहा लाख रुपये. म्हातारी पेशी परत बाळ होते हे खरं आहे का? आणि असेल, तर बाबांसाठी हे करावं का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पैसे त्यावर अडकलेत. करू नका. पहिल्याचं उत्तर मात्र हो, म्हातारी पेशी बाळ होते. मी स्वतः केलंय आणि माझ्या हाताखालच्या मुली आजही करतात. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी कशी, ते समजून घ्यायला थोडा वेळ द्या. साडेसहा लाखांपुढे अर्धा तास काही जास्त नाही.

आपल्या प्राच्य विद्या मंदिरात जुन्या पोथ्या पाहिल्या असतील, लाल कापडात बांधून ठेवलेल्या. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच सगळा संग्रह असतो. त्वचेच्या पेशीतही मेंदूची पोथी असते, यकृताचीही असते. पण त्वचेच्या पेशीला लागतात तेवढ्याच पोथ्या उघड्या, बाकीच्या बासनात गुंडाळलेल्या. डीएनए प्रथिनांच्या रिळांवर घट्ट गुंडाळला जातो, त्यावर रासायनिक खुणा बसतात, आणि पेशी जन्मभर त्वचाच राहते. गाठ इतकी पक्की असते की ती सुटतच नाही, असं शास्त्रज्ञ बराच काळ धरून चालले होते.

ती सुटते हे 1962 मध्ये जॉन गर्डन यांनी बेडकावर दाखवलं. आतड्याच्या पेशीचं केंद्रक काढून त्यांनी ते एका अंड्यात घातलं, ज्याचं स्वतःचं केंद्रक आधीच नष्ट केलं होतं, आणि त्यातून धडधाकट टॅडपोल निघाले. म्हणजे अंड्यात असं काहीतरी होतं जे गाठी सोडवतं. ते काहीतरी म्हणजे काय, याचं उत्तर यायला पुढे 44 वर्षं गेली. उत्तर देणारे शिन्या यामानाका जन्मले तेही 1962 मध्येच. 2012 चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

यामानाका मूळचे हाडांचे डॉक्टर. ऑपरेशनमध्ये हात इतका मंद की बरोबरचे त्यांना ‘जामानाका’ म्हणायचे. जपानीत ‘जामा’ म्हणजे अडथळा. ते संशोधनाकडे वळले आणि त्यांनी भ्रूणाच्या मूलपेशींमध्ये, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या पेशींमध्ये, जागी असलेली 24 जनुकं निवडली. ती एकेक करून त्वचेच्या पेशींत घातली तर काहीच होईना. मग त्यांचे सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी सगळी 24 एकदम घातली, आणि काही पेशी मूलपेशींसारख्या दिसू लागल्या. आता यातली खरी कामाची कोणती? ताकाहाशींनी दरवेळी एक जनुक वगळून 23 घालून पाहिली. जे वगळल्यावर काम अडतं ते ठेवायचं. आमटीत नेमकं काय राहिलं हे शोधायला आपण घरी हेच करतो. शेवटी चार उरली: ऑक्ट-3/4, सॉक्स-2, केएलएफ-4 आणि सी-मिक. 2006 मध्ये उंदरात जमलं, 2007 मध्ये माणसात. अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांच्या गटानेही त्याच वेळी थोडी वेगळी चार जनुकं वापरून माणसाच्या पेशी मागे, म्हणजे मूलपेशीच्या अवस्थेत, नेल्या. या पेशींना आयपीएस पेशी म्हणतात.

या कामाला आता मोठं गूढ राहिलेलं नाही. एमएस्सी झालेली, हात स्थिर असलेली, रविवारीही यायची तयारी असलेली मुलगी सहा महिन्यांत शिकते. त्वचेचा तुकडाही लागत नाही, शिरेतलं दहा मिलिलिटर रक्त पुरतं. लघवीत उतरणाऱ्या मूत्रपिंडाच्या पेशींपासूनही होतं. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमच्या लॅबमधल्या मदतनीस मावशी तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. पेशी वाढवायच्या आणि सेंदाई नावाच्या विषाणूच्या पाठीवर ती चार जनुकं आत पाठवायची. हा विषाणू आपल्या डीएनएत घुसत नाही, काही पिढ्यांनी विरून जातो. आणि मग वाट पाहायची.

त्या वाट पाहण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या ‘एका दिवसाच्या कामा’ची परीक्षा तिथेच होते.

पहिला आठवडा नुसतं नुकसान दिसतं. पेशी मरून तरंगतात, मीडियम गढूळ होतं, नवी मुलगी रडकुंडीला येते. मीडियम म्हणजे पेशींचं गुलाबी खाद्यपाणी. ते रोज बदलायचं. दिवाळी असो, उत्तरायण असो, गच्चीवर सगळं बडोदं पतंग उडवत असो. दुसऱ्या आठवड्यात लांबट, चकलीच्या तुटक्या तुकड्यांसारख्या पेशींमध्ये कुठेतरी दहा-पंधरा पेशी आखडून गोल होतात, एकमेकींना चिकटतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांचं बेट होतं: सपाट, कडा कापल्यासारखी स्वच्छ, आतल्या पेशी इतक्या दाटीने बसलेल्या की दोघींमधली रेष शोधावी लागते. एकेका पेशीत केंद्रकाने जवळजवळ सगळी जागा व्यापलेली. पहिल्या खेपेला मी ते बेट पाहिलं, तेव्हा मायक्रोस्कोपवरून डोळे न उचलता बाजूच्या मुलीचा हात धरून ठेवला होता. एक लाख पेशींमधून असं एखादं बेट मिळतं, फार नशीब असेल तर शंभर. बाकीच्या सगळ्या वाया.

ते बेट पिपेटच्या टोकाने खरवडून वेगळं करायचं, वाढवायचं, विभागायचं, पुन्हा वाढवायचं. दहाएक पिढ्यांनी विषाणू गेला का ते तपासायचं. गुणसूत्रं मोजायची. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची लागण नाही ना ते पाहायचं. ही लागण मायक्रोस्कोपखाली दिसतही नाही आणि सगळी लॅब बसवते. रक्त घेतल्यापासून खात्रीची आयपीएस पेशी हातात यायला चार ते सहा महिने. ही सगळी गडबड नुसतं मागे जाण्यासाठी.

तेव्हा सकाळी चरबी काढून संध्याकाळी टोचतात, तर त्यात यामानाकांचं काहीही नाही. तिथे काय होतं ते मला माहीत आहे. चरबी धुतात, विकराने विरघळवतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि तळाला बसलेला गाळ शिरेत किंवा पाठीच्या कण्यात सोडतात. त्या गाळात काही संयोजी ऊतींच्या मूलपेशी असतात खऱ्या. पण त्या चेतापेशी बनत नाहीत आणि शिरेतून सोडल्या तर बहुतेक फुप्फुसातच अडकतात. मागे गेलेलीही नाही आणि पुढे येणारीही नाही, अशी ही पेशी.

आता मुख्य मुद्दा. मागे नेणं हे सोपं काम होतं. अवघड आहे ते पुढे आणणं, म्हणजे तिच्यातून हवी ती पेशी घडवणं.

आयपीएस पेशी कशीच्या तशी बाबांच्या मेंदूत सोडली तर काय होईल? ती वाढत सुटेल. आम्ही पेशी खरी मागे गेली का हे तपासायला ती उंदराच्या कातडीखाली टोचतो. दोन-तीन महिन्यांत गाठ येते, आणि गाठ कापली की आत कूर्चा, आतड्याचं अस्तर, चेताऊती, सगळं कालवून ठेवल्यासारखं सापडतं. तिला टेराटोमा म्हणतात. गाठ आली की आमच्याकडे पेढे वाटतात, कारण पेशी काहीही होऊ शकते हे सिद्ध झालं. माणसात मात्र तीच गाठ म्हणजे संकट. पेशीचा जो गुण आम्हाला हवा, त्याचीच भीती. म्हणून तिला आधी डिशमध्येच पुढे आणावं लागतं, हव्या त्या ठिकाणी थांबवावं लागतं, आणि एकही पेशी मागे रेंगाळलेली नाही याची खात्री करावी लागते. लाखो पेशींत एकही नाही, हे सिद्ध करून दाखवा म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटतो.

पार्किन्सनमध्ये मेंदूच्या मध्यभागातल्या, डोपामिन हे हालचालीला लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात. क्योतोमध्ये जुन ताकाहाशी यांच्या गटाने आयपीएस पेशींना ठरावीक रसायनं ठरावीक दिवशी देत त्या दिशेने आणलं. बाराव्या दिवसाच्या सुमारास कोरिन नावाचं प्रथिन अंगावर असलेल्या पेशी तेवढ्या वेचून घेतल्या, बाकीच्या टाकून दिल्या, आणि महिनाभराचे पेशींचे गोळे कवटीला भोक पाडून सुईने नेमक्या जागी सोडले. पूर्ण तयार चेतापेशी नाहीत, तर चेतापेशी होण्याच्या बेतात असलेल्या. पूर्ण तयार झालेल्या पेशी सुईतून जाताना मरतात, आणि फार कोवळ्या असल्या तर वाढत सुटतात. त्या दोन्हींच्या मधला दिवस गाठायला त्या माणसाने कारकिर्दीची कित्येक वर्षं घातली.

2018 मध्ये पहिल्या रुग्णावर हे झालं आणि एकूण सात जणांचा निकाल 2025 मध्ये छापून आला. दोन वर्षांत गाठ कुणालाच झाली नाही, गंभीर त्रास नाही. ज्या सहा जणांची हालचाल मोजली त्यातल्या चौघांची गोळी न घेतलेल्या अवस्थेत सुधारली. मेंदूच्या चित्रणात नव्या पेशी डोपामिन बनवतायत हेही दिसलं. मला हा निकाल वाचून फार आनंद झाला होता. पण सात जण आहेत हे विसरू नका, आणि त्यात खोट्या शस्त्रक्रियेचा तुलना-गट नव्हता. पार्किन्सनमध्ये नुसत्या आशेनेही काही काळ पावलं उचलतात.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या दवाखान्याच्या पत्रकात उलटी लिहिलेली असणार. त्या सातही जणांना स्वतःच्या पेशी दिल्या नव्हत्या. निरोगी दात्याच्या पेशी होत्या, त्या शरीराने झिडकारू नयेत म्हणून औषधं दिली होती. ‘तुमच्याच पेशी, म्हणून धोका नाही’ हे वाक्य कानाला गोड लागतं. कोबेमध्ये हेच करून पाहिलं होतं. सप्टेंबर 2014 मध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या डोळ्यात त्यांच्याच त्वचेपासून बनवलेला पडद्याच्या पेशींचा थर बसवला. माणसात आयपीएस पेशींचा हा पहिला वापर. ताकाहाशी हे आडनाव जपानात आपल्या कुलकर्ण्यांइतकंच सापडतं, पण जुन आणि मासायो हे नवरा-बायको आहेत. त्या एका डोळ्याच्या तयारीला महिने लागले आणि खर्च गेला 10 कोटी येनच्या घरात. दुसऱ्या रुग्णासाठीही पेशी बनवल्या होत्या. जनुकीय तपासणीत त्यांत नसते बदल सापडले, आणि टोचल्या नाहीत. थांबले. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात तेच सगळ्यात मोठं काम.

कोबेच्या त्या बाईंचा अहवाल 2017 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीनमध्ये आला. दृष्टी सुधारली नाही, पण बिघडलीही नाही, थर जागेवर टिकला. त्याच अंकात दुसरा अहवाल आहे. फ्लोरिडात तीन वृद्ध बायकांनी पैसे भरून एका क्लिनिकमध्ये चरबीतल्या ‘मूलपेशी’ डोळ्यांत टोचून घेतल्या, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. तिघींची नजर जवळजवळ गेली. पद्धत तीच, जी तुम्हाला सांगितली आहे: पोटाची चरबी, तेवढ्यात प्रक्रिया, त्याच दिवशी सुई.

पेशी नाजूक म्हणजे किती, ते आमच्याकडचं सांगते. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमची लॅब तळमजल्यावर होती. गणपती दहा-बारा दिवसांवर आले होते. डिशमध्ये हृदयाच्या पेशी होत्या, आयपीएसपासून पुढे आणलेल्या, चाळिसाव्या दिवसाच्या. नवव्या दिवशीच त्या धडधडायला लागल्या होत्या. मायक्रोस्कोपशिवाय, नुसत्या डोळ्यांनी उजेडात धरली तरी डिशचा तळ थरथरताना दिसायचा. वीज गेली, जनरेटर पाण्यात, इन्क्युबेटर गार. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल तुडवत आत गेलो. नदीतली मगर आत शिरली नसेल ना या भीतीने हातात वायपर धरून. दार उघडलं, डिश पाहिल्या, सगळं स्तब्ध. पण द्रव नायट्रोजनच्या टाकीला वीज लागत नाही. उणे 196 अंशांवर गोठवलेल्या आयपीएस पेशींच्या कुप्या जशाच्या तशा होत्या. मागे नेलेल्या पेशी वाचल्या, पुढे आणलेल्या गेल्या. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

या हृदयाच्या पेशी कशाला लागतात? रुग्णात घालायला नाही. नवीन औषधाने ठोका बिघडतो का, हे माणसाला द्यायच्या आधी पाहायला. 1907 पासून औषधं बनवणाऱ्या या गावात त्याचं मोल वेगळं सांगायला नको. आज आयपीएस तंत्राचा खरा फायदा इथेच आहे, डिशमध्ये. आजारी माणसाच्या रक्तापासून त्याचीच हृदयपेशी, त्याचीच चेतापेशी बनवायची आणि आजार कुठे सुरू होतो ते पाहायचं. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून कोण देणार? पार्किन्सनबाबत यातही एक पेच आहे. पेशी मागे नेली की तिचं वयही पुसलं जातं. 68 वर्षांच्या बाबांच्या रक्तापासून बनवलेली चेतापेशी जन्माला यायच्या आधीच्या बाळासारखी वागते, आणि आजार तर म्हातारपणाचा. म्हणून आता लोक तिला मुद्दाम म्हातारी करायच्या युक्त्या शोधतायत. आधी आटापिटा करून तरुण करायची, मग आटापिटा करून म्हातारी.

आता तुमच्या घरचं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत रक्ताच्या आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचं बाकी सगळं संशोधन म्हणून धरलं आहे. पुढे गुडघ्याच्या झिजेसाठी आणि पायाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारासाठी औषध नियंत्रकांनी परवानगी दिली, पार्किन्सनसाठी नाही. संशोधन असेल तर ते सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदलेलं असतं, आणि त्यात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा दवाखान्याकडे सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा, लेखी. शिवाय टोचणार त्या पेशींचा गुणसूत्र अहवाल कोण देणार ते विचारा. माझा अनुभव असा की पहिल्या प्रश्नावर आवाज बदलतो आणि दुसऱ्यावर फोन ठेवतात. माझ्या सख्ख्या मावसभावाने हे न विचारता पैसे भरले होते, दुसऱ्या एका गावात. कण्यात टोचल्यावर तीन दिवस ताप आणि डोकेदुखी, महिनाभर ‘बरं वाटतंय’, आणि नंतर होतं तसंच. पैसे मागायला गेला तर सही केलेला कागद दाखवला, पंधरा पानांचा, इंग्रजीत.

गोळीचा अंमल उतरल्यावर पाय चिकटतात, याचा अर्थ गोळी अजून काम करतेय. न्यूरॉलॉजिस्टना वेळापत्रक दाखवा, कितव्या तासाला उतरतं ते आठवडाभर लिहून न्या. लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनच्या नेहमीच्या गोळीची, मात्रा आणि तास बदलून पुष्कळ फरक पडतो. जेवणातली प्रथिनं गोळीच्या आड येतात, तेव्हा गोळी आणि वरण-भात यांत किती अंतर हवं तेही विचारा. डीबीएस म्हणजे मेंदूत विद्युतअग्र बसवण्याची शस्त्रक्रिया बाबांना चालेल का, हेही त्यांनाच विचारा. तीही महाग आहे, पण तिच्यामागे हजारो रुग्णांचा अनुभव आहे, आणि नको वाटली तर यंत्र बंद करता येतं. टोचलेली पेशी परत काढता येत नाही.

बाबांना ही पेशी पाहायची इच्छा असेल तर घेऊन या. रविवारी अकराच्या सुमारास मीडियम बदलायला मी असतेच. पुरानंतर आम्ही दुसऱ्या मजल्यावर गेलो आहोत, पण लिफ्ट आहे. गोळी घेतल्यावर तासाभराने निघालात तर चालायला सोपं जाईल.